दोरीचं दुसरं टोक

१

रविवारी आई डबा भरायची आणि अंकुर गाडी काढायचा. गेल्या ऑक्टोबरपासून यात कधी खंड पडला नव्हता. हर्नडन गाव मागे पडलं की काचेच्या ऑफिसांची रांग संपायची, मग घोड्यांची कुरणं लागायची, मग डोंगर. वाटेत दोघं बोलत नसत. तळ्यावर पोचलं की आई पिकनिकच्या टेबलावर ताट मांडायची. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. उजवीकडे भाजी. मध्ये भाताची मूद, वर वरण, वर तूप. ताट एकच, आणि ते अंकुरच्या मोठ्या भावाचं, देवदत्तचं.

मग ती वाट बघत बसायची. ऊन कललं की ताट उचलून काठाशी जायची आणि सगळं पाण्यात सोडायची. "अन्न कचऱ्यात टाकायचं नसतं," एवढं म्हणायची आणि ताट विसळून पिशवीत ठेवायची.

देवदत्त याच पाण्यात ट्राउट मासे धरायला उतरला होता. संध्याकाळी उतरला आणि वर आला नाही. गाडी पार्किंगमध्ये, कॉफीचा थर्मास टेबलावर, माणूस नाही. पाणबुड्यांनी शोधलं, यंत्रांनी शोधलं. हे धरणाचं तळं, खाली जुनी दरी बुडालेली, तिच्यातली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. आमची माणसं तिथं अडकतील, असं शेरीफच्या माणसाने टोपी हातात घेऊन सांगितलं आणि शोध थांबला.

देह सापडला नाही की दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, पुढचं सगळं रीतसर करतात. मेरीलँडचे गुरुजी हिवाळ्यापासून सांगत होते. एकदा तर फोनवर वैतागून म्हणाले, "अहो, जिवंत माणसाला ताट वाढतात, गेलेल्याला पिंड देतात. तुमचं धड एकही चाललेलं नाही."

आईचं उत्तर ठरलेलं असायचं. "अंकुर म्हणेल तसं."

आणि अंकुर म्हणायचा, "सापडल्याशिवाय नाही."

अंकुर बावीस वर्षांचा होता. वडील गेले त्या वर्षी त्याने हायस्कूल सोडलं आणि टायरच्या दुकानात लागला. मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "तू काय करतोस रे?" की देवदत्त मध्ये पडायचा. म्हणायचा, "गाड्या त्याच्या भरवशावर चालतात, काकू." आता मध्ये पडणारं कोणी उरलं नव्हतं. गवताचं बाहुलं जाळून त्या माणसाला मेला म्हणायचं, आणि ते अंकुरने म्हणायचं, त्याच्या हाताने. असल्या कामासाठी त्याचा हात उठणार नव्हता.

या खेपेला मात्र ते शनिवारीच आले होते. शेजारच्या त्र्यंबककाकांनी तळ्याकाठची एक केबिन घेतली होती. रविवारी सकाळी गुरुजी येणार होते. आई पुन्हा म्हणाली होती, "अंकुर म्हणेल तसं." काका अंकुरला म्हणाले, "हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस. संध्याकाळी माझ्याबरोबर पाण्यात चल. तो जिथे उभा राहायचा तिथे उभा राहा. मग सकाळी काय ते सांग."

अंकुरला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. तरी तो गेला.

२

त्र्यंबककाका पूर्वी भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हा नाद धरला आणि शेजारच्या देवदत्तलाही लावला. गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. पिसं आणि दोरा बांधून बोटाच्या पेराएवढी माशी करायची, ती लांब दोरीने पाण्यावर अलगद टेकवायची आणि ट्राउटला फसवायचं. देवदत्त देवघरातलं मोरपीस उसवून माशा बांधायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

मे महिना होता. छातीपर्यंत येणारे रबरी वेडर्स चढवून दोघं गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पाणी इतकं थंड, की रबराच्या आतही नडग्या दुखायला लागल्या. काकांनी कानातली यंत्रं काढून डबीत घातली आणि डबी खिशात ठेवली.

"भिजली तर वाया जातात," ते म्हणाले. "आता मोठ्याने बोल."

"मला काही बोलायचं नाहीये."

"काय?"

"काही नाही!"

अंकुरने काठी मागे नेली, पुढे फेकली. पिवळी दोरी त्याच्याच खांद्यावर गोळा होऊन पडली.

"अरे, मनगट मोडू नकोस! टायर बसवत नाहीयेस."

"टायर तरी सरळ बसतो, काका. हे काय येडपटासारखं?"

"तुझा भाऊही पहिल्या दिवशी असाच चिडला होता."

"त्याचं नाव नका घेऊ." अंकुर दोरी सोडवत होता, बोटं बधिर झाली होती. "त्या दिवशी तुम्ही बरोबर येणार होतात ना? कॅन्सल कोणी केलं?"

काकांनी ऐकलं नसेल असं वाटलं. मग ते म्हणाले, "मीच. गुडघा दुखत होता."

"गुडघा!"

"हो. गुडघा." काका पाण्याकडे बघत राहिले. "शिवी द्यायची तर दे. बोलून टाक. आत ठेवून वाढतं ते."

अंकुरने शिवी दिली, मराठीत, पूर्ण. काकांनी मान हलवली, जणू औषधाचा डोस बरोबर आहे. मग त्यांनी त्याच्या पाठीमागे येऊन त्याचं मनगट धरलं आणि दोरी मागे नेली, थांबले, पुढे सोडली. माशी पाण्यावर टेकली.

"हं. आणि मासा लागला तर ओढायचं नाही. ओढलं की दोरी तुटते. तो पळाला, पळू द्यायचं. दमला की तेवढीच दोरी परत घ्यायची. पुन्हा पळाला, पुन्हा द्यायची. शेवटपर्यंत त्याला वाटलं पाहिजे, आपण मोकळे आहोत."

"आणि मग?"

"मग हातात येतो. देवदत्त सोडून द्यायचा. मी खातो."

३

ऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर गेलं तेव्हा आई ताट घेऊन आली. तळ्यावर सगळीकडे मासे उठत होते. पाण्यावर गोल उमटायचा, मोठा होत पसरायचा, विरायचा, तोवर दुसरीकडे दुसरा. काका खुशीत होते.

आई स्लिपर काढून काठाच्या दगडावर उभी राहिली. "आज भरली वांगी केलीत," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते अंकुरने बघितलं नाही.

तिने ताट कलतं केलं.

अंकुर तेव्हा हातभर अंतरावर होता, म्हणून त्याला दिसलं. इतके रविवार तो गाडीत बसून राहायचा, फोनमध्ये डोकं घालून. भात पाण्यावर पांगायला हवा होता. शितं सुटायला हवी होती, तुपाचा तवंग पसरायला हवा होता. तसं झालं नाही. मूद होती तशी एका जागी राहिली. मग खाली गेली, हळूच, मोडता मोडता, जणू कोणीतरी वरण कालवून घेतोय. वांगी एकेक करून गेली. काहीही परत वर आलं नाही.

त्याने मान वर केली. तळ्यावर एकही गोल उमटत नव्हता. सगळं पाणी काचेसारखं.

तूप थिजलं असणार, त्याने स्वतःला सांगितलं. थंड पाण्यात तूप थिजतं, भात धरून ठेवतं. आणि माणसं काठावर आली की मासे दबकतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तरी त्याने एक पाऊल मागे घेतलं.

"मीनाक्षी," काका म्हणाले, "आजचं शेवटचं हं."

"शेवटचं का?" आईने ताट विसळलं. "अंकुर अजून बोललेला नाही."

"तो सकाळी बोलेल."

"तो काय बोलणार ते मला माहीत आहे." ती अंकुरकडे बघून हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. "त्याला एकट्यालाच कळतं. बाकी सगळ्यांना उरकायची घाई झालीय."

ती केबिनकडे निघून गेली. केबिनच्या पुढे लाकडी डेक होता, तिथे खुर्ची टाकून बसली. तिचं ते हसू अंकुरच्या छातीवर दगडासारखं बसलं. आता नाहीला पर्याय नव्हता. नाही म्हटलं तर हे हसू उद्याही राहणार होतं, आणि पुढचा रविवार, आणि त्याच्या पुढचा.

४

अंधार पडायला वेळ होता, पण काठाखालच्या सावल्या पाण्यात उतरल्या होत्या. अंकुरचा हात आता थोडा बसला होता. मागे, थांबा, पुढे. दोरी हवेत जाताना बारीक आवाज करायची. सूं. सूं.

मग त्याला कळलं, की तो थांबला तरी आवाज चालूच आहे.

समोरच्या बाजूला तळ्याचा एक फाटा आत वळत होता. त्या तोंडाशी डोंगराची सावली दाट होती. आवाज तिकडून येत होता. सूं. सूं. मग जरा विसावा. मग चाबूक वाजावा तसा बारीक फटका.

प्रतिध्वनी, अंकुर म्हणाला. डोंगर आहे, होणारच. त्याने काठी आडवी धरली आणि श्वास रोखला. पलीकडे सूं, सूं. विसावा. फटका.

म्हणजे कोणीतरी आहे. असेल. तळं काय आपल्या बापाचं नाही. पण येताना पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीखेरीज गाडी नव्हती, आणि पलीकडच्या काठाला रस्ताच नाही, उभा कडा आहे. बोटीने आला असेल. बोट कुठे दिसत नाही, पण सावलीत असेल.

एवढं सगळं त्याने नीट मांडलं. फटक्याचं मात्र त्याला काही मांडता येईना.

तो फटका म्हणजे चूक होती. दोरी मागे पुरती सरळ होण्याआधी घाईने पुढे झटकली की टोक फुटतं आणि वाजतं. हर्नडनच्या घरामागच्या हिरवळीवर देवदत्त रोज संध्याकाळी सराव करायचा, तेव्हा हाच आवाज अंकुरच्या खिडकीतून आत यायचा. काका कुंपणापलीकडून ओरडायचे, "देवा, माशी तुटते त्याने!" देवदत्त हसायचा. शेवटपर्यंत ती खोड गेली नाही.

"काका."

काका पुढे सरकून उभे होते, पाठमोरे.

"काका! पलीकडे कोणी आहे का?"

"कुठे?"

"त्या तिथे. ऐका ना."

"मला ऐकू येत नाही रे, यंत्रं काढलीत." काकांनी डोळे बारीक केले. "कोणी नाही. लाकूड आहे काहीतरी. चल, दोन-चार वेळा टाक आणि निघू. थंडी वाढतेय."

लाकूड आहे, अंकुरने मनाशी म्हटलं. त्याला लाकूड दिसत नव्हतं. त्याने काठी उचलली आणि होती नव्हती तेवढी सगळी दोरी त्या सावलीच्या दिशेने फेकली. आयुष्यात प्रथमच ती सरळ गेली.

५

माशी टेकली आणि त्याच क्षणी धरली गेली.

झटका नव्हता. उसळी नव्हती. दोरी फक्त ताठ झाली आणि काठी वाकली. पलीकडे वजन होतं.

"लागला!" अंकुर ओरडला.

"ओढू नकोस!" काका पाणी तुडवत आले. "दे, दे त्याला. बुंध्यात अडकलं नाही ना?"

"नाही. हलतंय."

खरंच हलत होतं. अंकुरने थोडं मागे घेतलं, पलीकडून दोरी मिळाली. कुरकुर न करता, हवी तेवढी. तो एक पाऊल मागे सरला, तेवढीही मिळाली. तो थांबला. मग दोरी सावकाश ताठ झाली आणि तिकडे निघाली. किती वेळ असं चाललं कोण जाणे. त्याला रडू येत होतं आणि हसूही. दादाला हेच आवडायचं तर. घरी आल्यावर तासभर हेच बडबडायचा आणि आपण कानात हेडफोन घालून बसायचो. हातातून, मनगटातून, खांद्यापर्यंत काहीतरी जिवंत बोलत होतं, आणि त्याला शाळा लागत नव्हती, इंग्रजी लागत नव्हतं.

पाणी कमरेला लागलं तेव्हा तो दचकला.

मघापर्यंत तो गुडघाभर पाण्यात होता. आपण पुढे कधी आलो? त्याने मागे पाय टाकला. दोरी मिळाली. दोन पावलं, तीन पावलं. मिळाली. त्याने दम घेतला, आणि दम घेतल्याबरोबर दोरी ताठ झाली, आणि त्याचे पाय वाळूवरून पुढे सरकले. आधी गेला होता त्यापेक्षा वीतभर जास्त.

पळाला की द्यायची. दमला की घ्यायची.

नाही, हे काहीतरी भलतंच. बुडालेल्या झाडाची फांदी आहे, लवचिक. ओढलं की येते, सोडलं की जाते. फांदी अशीच वागते. त्याने दोरीच्या मागे नजर नेली, फांदी कुठे आहे ते बघायला.

मासा पाण्याखाली असतो. फांदीही पाण्याखाली असते. दोरी पाण्यात जायला हवी होती. ती गेली नव्हती. मध्यावर पाण्याला जेमतेम टेकत होती, आणि पुढे पाणी सोडून वर चढत होती. कोणीतरी काठी उंच धरली की चढते तशी.

"काका," तो म्हणाला.

काकांनी ते बघितलं होतं. त्यांचं तोंड उघडं होतं. चाळीस वर्षं टेबलावरच्या माणसांचा श्वास मोजलेला तो म्हातारा स्वतः श्वास घ्यायचा विसरला होता.

"काठी सोड," ते म्हणाले.

"नाही."

"अंकुर, काठी सोड!"

"नाही सोडणार! तुम्हाला काय कळतंय?" पाणी आता छातीच्या पट्ट्याला लागलं होतं. "तो दादा आहे. तो मला... काका, तो मला बोलावतोय!"

"बोलावणारा हाक मारतो रे," काका म्हणाले. "असं नाही करत."

६

सावलीत तो उभा होता.

अंकुरने बघितलं ते एवढंच. कमरेइतक्या पाण्यात माणूस, जिथे पाणी कमरेइतकं असणं शक्य नाही, जिथे पाणबुड्यांना तळ लागला नव्हता. एक खांदा जरा खाली, देवदत्तचा असायचा तसा. काठी वाकलेली. डोकं थोडं कललेलं, लक्ष देऊन. चेहरा अंधारात होता. पण ते लक्ष अंकुरला इतक्या लांबून अंगावर जाणवलं. त्यात राग नव्हता. ओळख नव्हती. हा केवढा आहे, कधी दमेल, किती दोरी द्यावी, एवढाच विचार होता त्यात.

मग काकांची छोटी कात्री त्याच्या गालाजवळून गेली आणि टच्‌ असा आवाज झाला.

काठी सरळ झाली. अंकुर पाण्यात मागे पडला, नाकातोंडात बर्फासारखं पाणी गेलं, आणि वर येताच त्याने काकांच्या छातीत बुक्की मारली. "का कापलीत? का कापलीत तुम्ही? मी त्याच्यापर्यंत पोचलो असतो!"

काकांनी मार खाल्ला. त्यांनी त्याच्या वेडरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि त्याला काठाकडे ओढायला लागले. दुखरा गुडघा घासत ओढत राहिले.

"मी काही बघितलं नाही," ते म्हणत होते. "तूही बघितलं नाहीस. लाकूड होतं. समजलं ना? लाकूड होतं."

दोरी अचानक तुटली की माणूस मागे कोलमडतो. अंकुर कोलमडला होता. पलीकडचा हलला नव्हता. अंकुरने मान वळवून बघितलं तेव्हा तो निवांतपणे दोरी गोळा करत होता. हाताचा एक वळसा, दुसरा वळसा. कसलीही घाई नाही. मासा सुटला, बाकी तळं आहेच.

मग त्याने काठी मागे नेली.

सूं.

सूं.

विसावा.

फटका त्यांच्या पाण्यात नाही झाला. आवाज त्यांच्या डोक्यावरून गेला, उंचावरून, थंड वारा जावा तसा, आणि काठाकडे गेला. केबिनकडे.

७

आई डेकच्या पायऱ्या उतरत होती.

अंगावर करडी शाल, पायात काही नाही. ती झोपेत चालल्यासारखी चालत नव्हती. चेहरा अगदी जागा होता. थोडा लाजलेला, कोणीतरी बोटाला धरून अंगणात नेल्यासारखा. आणि तिच्या शालीचं एक टोक हवेत होतं. वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. ते टोक तिच्या पुढे, छातीच्या उंचीवर, पाण्याच्या दिशेने ताणलेलं होतं.

ती थांबली, तेव्हा टोक सैल पडलं. तिने शाल आवरून घेतली, तेवढी आवरू दिली. मग टोक पुन्हा ताठ झालं आणि ती पुन्हा निघाली.

अंकुर धावला. वेडर्समध्ये पाणी भरलं होतं, प्रत्येक पाय ओढून काढावा लागत होता. गवतावर तो दोनदा पडला. आई काठाच्या दगडापाशी पोचली तेव्हा त्याने तिला कमरेला धरून खाली पाडलं आणि शालीची गाठ फाडून काढली.

शाल त्याच्या हातातून गेली. गवतावरून सरपटत गेली, दगडावरून उतरली, पाण्यावर पसरली आणि खाली गेली. एकदाच एक गोल उमटला.

"अंकुर!" आई किंचाळली. "वेडा झालास का तू? माझी शाल का ओढलीस?"

तो धापा टाकत होता. काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर ती हसली असती, मघासारखी, आणि उठून सरळ पाण्यात चालत गेली असती.

"ओढली," तो म्हणाला. "मीच ओढली. चल आत."

त्याने तिला जवळजवळ उचलून आत नेलं. काका मागून आले, लंगडत, ओठ निळे पडलेले. अंकुरने डेकचं काचेचं दार लावलं, खिटी घातली, पडदा ओढला. खोली लहान होती. सोफा, टेबल, भिंतीवर हरणाचं चित्र, कोपऱ्यात टीव्ही. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. अंगातून पाणी गळून गालिच्यावर थारोळं झालं.

"काका, गुरुजींना फोन करा. म्हणावं, उजाडताच या."

काकांनी डबीतली यंत्रं कानात घातली आणि फोन काढला.

आई सोफ्यावरून त्याच्याकडे बघत होती. "कशाला?"

"उद्या करायचं. मी बसतो."

"तू म्हणाला होतास, सापडल्याशिवाय नाही."

"म्हणालो होतो."

"मग? सापडला?" ती उठली. जवळ आली, त्याच्या ओल्या बाह्या धरल्या. "तू पाण्यात गेला होतास ना? काही दिसलं का? खरं सांग, बाळा. दिसला का तुला?"

काकांनी फोनवरून नजर वर केली. अंकुरने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "तिथे कोणी नाही, आई. दादा मेलाय."

सात महिने हा शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. तिने त्याच्या थोबाडीत दिली. एक, आणि पुन्हा एक. तो हलला नाही, कारण हलला असता तर दार मोकळं झालं असतं.

"तुझ्यासाठी काय नाही केलं त्याने," ती म्हणाली, हळू, एकेक शब्द वेचून. "शाळा सोडलीस, तेव्हा सगळ्यांच्या पाया कोण पडलं? आणि तुलाही घाई झाली? तूही त्यांच्यातलाच?"

ती मागे गेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. काका फोनवर हलक्या आवाजात बोलत होते. हो गुरुजी. हो, तो बसेल. हो, तयार आहे.

मग काका गप्प झाले आणि खोलीत शांतता झाली, आणि त्या शांततेत अंकुरला पडद्यामागून, काचेमागून ते ऐकू आलं. सूं. सूं. विसावा. मागच्यापेक्षा जवळ.

आईने मान जराशी वर केली. "कसला रे आवाज?"

अंकुरने रिमोट उचलून टीव्ही लावला. कसलीतरी मॅच होती, माणसं ओरडत होती.

आई वळली. तिच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता. एखाद्या परक्या, घाणेरड्या माणसाकडे बघावं, तशी ती आपल्या मुलाकडे बघत होती.

"टीव्ही लावतोस?" ती म्हणाली. "आज? मॅच बघतोस तू?"

बाहेर फटका वाजला.

"हो," अंकुर म्हणाला, आणि आवाज वाढवत नेला, वाढेल तेवढा.